पतंग, दिवा आणि प्रयोगवही

कीटक प्रकाशाकडे आकर्षित होतात, हे वाक्य आपल्याकडे तीन प्रकारची माणसे मोठ्या विश्वासाने उच्चारतात : कवी, कीर्तनकार आणि शाळेतील विज्ञानाचा शिक्षक. कवीला त्या वाक्यात प्रीती दिसते, कीर्तनकाराला विषयवासना दिसते आणि शिक्षकाला दोन गुणांचा प्रश्न दिसतो. कीटक मात्र तिघांपैकी एकालाही दिसत नाही. पहिल्या दोघांशी माझे फारसे भांडण नाही. तिसऱ्याशी आहे, आणि ते मी येथे उघडपणे मांडणार आहे. कारण पहिल्या दोघांच्या समजुतीने पतंगाचे अथवा माणसाचे काही बिघडत नाही, पण तिसऱ्याच्या हट्टाने दरवर्षी असंख्य मुलांना खोटे लिहिण्याची दीक्षा मिळते.

कीर्तनकाराचे आधी पाहू. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगितली आहे. त्या गुरूंत पतंग आहे. रूपाला भुलून जो अग्नीत उडी घेतो, त्याच्याकडून काय करू नये ते शिकावे, असा त्याचा अभिप्राय. नाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहून १५७३ साली काशीत ती पुरी केली, तेव्हापासून हा पतंग मराठी घराघरांत पोचला. गीतेच्या अकराव्या अध्यायातही तो ज्वालेत शिरताना भेटतो. या सर्व ठिकाणी पतंग हा दृष्टान्त आहे. दृष्टान्त देणाऱ्याने कीटकशास्त्र सांगण्याची प्रतिज्ञा केलेली नसते. त्याला माणसाविषयी काही सांगायचे असते आणि त्यासाठी तो पतंगाला राबवून घेतो. कवीचेही तेच. शमा आणि परवाना ही जोडी फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून आमच्या गझलेत आली, म्हणून कोणी कवीकडे पुरावा मागू नये. तो मागण्याचा अरसिकपणा मी करणार नाही.

अलीकडे मात्र एक चौथा वर्ग निपजला आहे. दिवाळीत दिवे का लावतात, तर पावसाळ्यानंतर माजलेले किडे आणि डास दिव्यांवर येऊन मरावेत म्हणून. आमच्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक होते, असे हा वर्ग आश्विन लागला की सांगू लागतो. दिवाळीचे दिवे मला प्रिय आहेत, आणि म्हणूनच त्यांना डास मारण्याच्या कामाला जुंपलेले मला पाहवत नाही. रक्त पिणारा डास माणसाला शोधतो तो मुख्यतः श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या वासावरून आणि उबेवरून. पणतीशी त्याचे देणेघेणे नाही. कीटकांच्या डोळ्यांना अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश विशेष जाणवतो. तेलवातीची ज्योत तांबूस-पिवळी असते आणि तिच्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. म्हणजे किडे गोळा करायचे यंत्र म्हणून पणतीची निवड जो करील त्याला शास्त्रज्ञ म्हणण्यापेक्षा भोळा म्हणणे बरे. आपल्या पूर्वजांनी दिवे लावले ते दिवे सुंदर दिसतात म्हणून, एवढे कारण पुरेसे का मानू नये?

आता तिसऱ्या इसमाकडे, म्हणजे शाळेकडे वळतो. ज्या प्रयोगाविषयी मी बोलतो आहे तो अगदी गरीब प्रयोग आहे. बुटांची एक रिकामी पुठ्ठ्याची पेटी घ्यावी. तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा, उरलेला अर्धा उघडा ठेवावा. जुन्या रव्यातले किंवा पिठातले तांबडे किडे, नाहीतर तांदळातले सोंडे, असे दहा जीव मधोमध सोडावेत. विजेरीचा झोत उघड्या भागावर धरावा. पाच मिनिटांनी किती किडे उजेडात आणि किती अंधारात ते मोजावे. पैशाचा खर्च नाही, काच फुटण्याचे भय नाही, आम्ल नाही, आग नाही. ज्या शाळेला प्रयोगशाळा नाही तिलाही हा प्रयोग वर्जित नाही. जगातल्या कितीतरी देशांत मुले जीवशास्त्राचा श्रीगणेशा याच पेटीवर करतात. आणि हाच प्रयोग आपण जितक्या कसोशीने मारून टाकतो तितका दुसरा कोणताही मारीत नसू.

मी पंचवीस वर्षे शाळांतून जीवशास्त्र शिकवले आणि त्यांतील काही वर्षे परगावच्या शाळांत तोंडी-प्रात्यक्षिकांसाठी परीक्षक म्हणूनही हिंडलो. अशाच एका शाळेत आठवीतल्या एका मुलीची प्रयोगवही माझ्यासमोर आली. उद्दिष्ट, साहित्य, कृती हे रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले. निरीक्षणाच्या रकान्यात तिने लिहिले होते : ‘सहा किडे उजेडात, चार अंधारात.’ अनुमानाच्या रकान्यात : ‘आमचे किडे अंधारात गेले असे दिसले नाही.’ या दोन्ही ओळींवर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि बाजूला बाईंच्या अक्षरात लिहिले होते : ‘एक उजेडात, नऊ अंधारात. कीटक प्रकाशापासून दूर जातात. पुन्हा लिहून आणणे.’ मी मुलीला विचारले, ‘मग तू पुन्हा मोजलेस का?’ ती म्हणाली, ‘नाही सर. मोजायला नाही सांगितलं. लिहायला सांगितलं.’

या एका वाक्यात आमच्या विज्ञानशिक्षणाची समग्र टीका सामावलेली आहे. बाईंना मी दोष देत नाही; त्या कष्टाळू होत्या आणि वर्गाचा निकाल चांगला लागावा अशी त्यांची प्रामाणिक तळमळ होती. दोष आहे तो त्या पद्धतीचा, जी प्रयोग करण्याआधीच अनुमान छापून मुलांच्या हाती देते. निरीक्षण हा रकाना अनुमानाच्या आधी असतो तो काही छपाईच्या सोयीसाठी नव्हे. आपण मुलांना तो उलट्या दिशेने भरायला शिकवतो : आधी खालचे वाक्य पाठ करायचे आणि मग त्याला शोभतील असे आकडे वरती बसवायचे. अर्थशास्त्रात याला हिशेबांतील अफरातफर म्हणतात आणि त्यासाठी माणसे तुरुंगात जातात. शाळेत त्यालाच नीटनेटकेपणाचे गुण मिळतात.

बरे, ते ‘एक आणि नऊ’ तरी आले कोठून? दहा जिवंत किड्यांनी एका सुरात दिलेले उत्तर क्वचितच हाती येते. घटकाभर असे समजू की या किड्यांना उजेडाचेही काही नाही आणि अंधाराचेही नाही. प्रत्येकजण नाणे उडवावे तसा कोठेतरी जातो. तरीसुद्धा दहापैकी सात किंवा अधिक किडे अंधाऱ्या बाजूला सापडण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे शेकडा सतराच्या आसपास असते. उजेडाच्या बाजूचाही तितकाच हिशेब धरला तर ती दुप्पट होते. म्हणजे किडे पूर्ण उदासीन असतानाही दर तीन पेट्यांपैकी एका पेटीत सात-तीन किंवा त्याहून एककल्ली निकाल दिसेल, आणि तिच्याभोवती बसलेली मुले शपथेवर सांगतील की किडे एका बाजूला ‘गेले’. शिक्षकही तेच सांगतील. एका पेटीतल्या दहा किड्यांवरून सबंध कीटकसृष्टीचा नियम सांगणे म्हणजे एस. टी.च्या एका गाडीतील दहा उतारू मोजून महाराष्ट्राची खानेसुमारी करणे होय.

येथे शाळेतील माझे मित्र म्हणतील, ‘आमच्या वर्गात साठ मुले कोंबलेली आहेत, साधा फळा दिसत नाही, तेथे तुमचे हे किडे कसे मोजायचे?’ मी म्हणतो, साठ मुले हीच तर तुमची श्रीमंती आहे! तिघातिघांचे वीस गट करा. प्रत्येकाला दहा किडे द्या. ते एकमेकांच्या नादी लागून घोळका करतात, म्हणून एकेक सोडून मोजा. वर्गाचे मिळून दोनशे आकडे होतील. आता एका पेटीतील सहा-चार या निकालाला काही किंमत नाही, कारण दहांत सहा किंवा अधिक किडे एका ठरावीक बाजूला जाण्याची शक्यता केवळ योगायोगानेही शेकडा अडतीसच्या घरात आहे. पण दोनशेंत एकशेवीस आणि ऐंशी, म्हणजे तेच सहास चार हे प्रमाण, योगायोगाने येण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास उरते. प्रमाण तेच, परंतु पुराव्याचे वजन किती वाढले! गर्दीच्या वर्गात बसलेल्या मुलाला हे एकदा उमगले की जाहिरातीतले ‘दहापैकी नऊ डॉक्टर’ आणि निवडणुकीतले अंदाज तो जन्मभर वेगळ्या नजरेने वाचील. श्रीमंत शाळेतील वीस मुलांच्या वर्गाला हे भाग्य नाही.

परंतु नुसती संख्या वाढवून भागत नाही, हेही मुलांना कळले पाहिजे. विजेरीऐवजी तापणारा पिवळा बल्ब लावला असेल तर किडे उजेडापासून पळाले की उष्णतेपासून? काळ्या कागदाखाली हवा अधिक दमट असेल तर ते अंधार शोधीत होते की ओल? पुष्कळ किडे भिंतीला अंग घासून चालतात; मग ते कोपऱ्यात बसले ते कोपऱ्यासाठी की काळोखासाठी? आपल्या घरातल्या बायका हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. धान्याला ऊन दाखवले की सोंडे सुपाबाहेर पळत सुटतात, हे कोणत्या आजीला ठाऊक नाही? आता त्या आजीच्या नातीला एवढेच विचारा : ते उन्हाला भ्याले की उजेडाला? सावलीत पण लख्ख उजेडात सूप ठेवून पाहिलेस का? झाकलेल्या काळ्या डब्यात तेच धान्य उन्हात ठेवून पाहिलेस का? हे दोन प्रश्न ज्या मुलीच्या डोक्यात एकदा शिरले तिला विज्ञानाची व्याख्या पाठ करून घेण्याची गरज नाही.

माझ्या या म्हणण्याला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. झाक लोब नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८९० साली प्राण्यांच्या प्रकाशानुवर्तनावर पुस्तक लिहिले. वनस्पती जशी उजेडाकडे वळते तसाच प्राणीही वळतो. त्यात इच्छा, आवड, कुतूहल काही नाही, तो एक यंत्रवत व्यापार आहे, असा त्याचा सिद्धान्त. त्याचा सुरवंटांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. हिवाळाभर निजून उठलेले भुकेले सुरवंट त्याने काचेच्या नळीत ठेवले. नळीचे एक टोक खिडकीकडे, आणि कोवळी पाने दुसऱ्या, अंधाऱ्या बाजूला. सुरवंट उजेडाच्या टोकाला जाऊन बसले आणि पाने जवळ असूनही उपाशी राहिले. लोबला हवे ते मिळाले. पण लोब हा आमच्या प्रयोगवहीच्या जातीचा नव्हता. त्याने पुढचेही प्रामाणिकपणे नोंदवले : त्याच सुरवंटांना एकदा खाऊ घातले की त्यांची उजेडाची ओढ नाहीशी होते. झाडावर ही गोष्ट किती सोयीची आहे पाहा. भुकेला सुरवंट उजेडाच्या मागे चढत फांदीच्या टोकाला जातो, तेथे नवी पालवी फुटलेली असते. पोट भरले की ती ओढ सुटते आणि तो खाली यायला मोकळा होतो.

अमेरिकेतील हर्बर्ट जेनिंग्जने १९०६ साली खालच्या दर्जाच्या जीवांच्या वर्तनावर ग्रंथ लिहिला आणि लोबच्या यंत्रवादाला समोरासमोर आव्हान दिले. एका पेशीचा जीवसुद्धा त्याच उद्दीपनाला दर वेळी तेच उत्तर देत नाही. त्याच्या आत काय चालले आहे, त्याच्यावर आधी काय गुजरले आहे, यावर उत्तर ठरते, हे त्याने दाखवून दिले. त्या दोघांचा वाद दीर्घकाळ गाजला आणि त्यातून प्राणिवर्तनाचे शास्त्र वाढले. आमच्या शाळेत त्यातले काय पोचले? लोबच्या सिद्धान्ताचे एक वाक्य. त्याचे सुरवंट पोचले नाहीत, जेनिंग्ज पोचला नाही आणि वाद तर मुळीच पोचला नाही.

उलट दाखला हवा असेल तर पिकल्या केळ्यावर जमणारी बारीक चिलटे घ्या. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. नळीत धक्का देऊन जागी केलेली ही चिलटे झपाट्याने उजेडाकडे धावतात. सेमूर बेंझरने १९६७ साली याच धावण्याचा उपयोग करून वर्तनातील आनुवंशिक दोष शोधण्याची पद्धत बसवली. पण मॅक्युएन नावाच्या संशोधकाने १९१८ सालीच पाहिले होते की पंख कापले की त्या चिलटांची उजेडाची ओढ ओसरते. डोळे शाबूत, पाय शाबूत, गेले फक्त पंख! २०१६ साली जर्मनीतील संशोधकांनी हाच धागा पुढे नेला : पंख निकामी केलेली चिलटे उजेडाऐवजी अंधार पसंत करू लागली, आणि उडण्याची शक्ती परत मिळाली की पुन्हा उजेडाकडे वळली. ज्याला उडता येते त्याला उजेड ही सुटकेची वाट आहे. ज्याला येत नाही त्याला ती उघड्यावर मरण्याची जागा आहे. आणि याच चिलटाची अळी वाढीच्या काळात उजेडापासून दूर सरकते. मग सांगा, ‘कीटक प्रकाशाकडे आकर्षित होतात’ हे बरोबर की चूक? एका जातीच्या एका जीवाविषयीसुद्धा त्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

दूर कशाला जा? पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी वारुळातून पंखांची वाळवी उधळते आणि अंगणातल्या दिव्याखाली पंखांचा खच पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हा जीव त्या संध्याकाळपर्यंत अंधारात वाढलेला असतो. त्याचे कामकरी भाऊबंद तर उघड्यावर पाऊलही टाकीत नाहीत. वाशावर चढायचे झाले तरी मातीचे बोगदे बांधून त्यांतून चढतात. एकाच संध्याकाळी, जोडीदार शोधण्यापुरता, हा जीव उजेडाचा होतो. पंख झडले की उरलेले आयुष्य पुन्हा जमिनीखाली. उसाला लागणारी हुमणी घ्या. तिची अळी महिनोन्‌महिने जमिनीच्या काळोखात मुळ्या कुरतडते. तिचा भुंगेरा वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला बाहेर येऊन कडुनिंबावर नि बाभळीवर जमतो. म्हणून आमचा शेतकरी प्रकाशसापळा लावतो तो बारमाही नव्हे, तर त्या दिवसांत आणि रात्रीच्या पहिल्या काही तासांत. कोणता कीटक, कोणत्या वयात, कोणत्या ऋतूत, कोणत्या घटकेला, हे चारही प्रश्न त्याला ठाऊक आहेत, कारण चुकले तर पीक जाते. पाठ्यपुस्तकवाल्याचे काही जात नाही, म्हणून त्याला एका वाक्यात भागवता येते.

आणि ज्या दिव्याभोवतीच्या पतंगावरून हे सारे सुरू झाले, त्याचे काय? त्याविषयी सर्वांना सर्व माहीत आहे अशा थाटात आपण बोलतो. पतंग चंद्राच्या अनुरोधाने दिशा राखतो आणि दिव्याला चंद्र समजून फसतो, हे स्पष्टीकरण तर सुशिक्षितांच्या गप्पांत सिद्ध सत्य म्हणूनच वावरते. जानेवारी २०२४ मध्ये सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काय केले? तर अतिजलद कॅमेऱ्यांनी, प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या रानात, दिव्याभोवती उडणाऱ्या कीटकांकडे नीट पाहिले. त्यांना आढळले की कीटक दिव्याकडे झेपावत नाही. तो दिव्याकडे पाठ करतो. लक्षावधी वर्षे रात्रीसुद्धा आकाश हे जमिनीपेक्षा उजळ राहिले आहे. तेव्हा जिकडे उजेड तिकडे पाठ ठेवली की आपण सुलटे उडत आहोत अशी उडत्या कीटकाची खात्री असते. जवळ दिवा आला की तो त्यालाच आकाश समजून कलतो आणि कललेला कीटक दिव्याभोवती घिरट्या घालीत राहतो. दिवा खाली ठेवून उजेड वर सोडला तर कित्येक कीटक चक्क उलटे होऊन कोसळले. डोक्यावर पडद्यासारखा सारखा पसरलेला उजेड ठेवला तर ते त्याखालून सरळ निघून गेले. दुरून कीटक दिव्यापर्यंत कसे येतात याचा उलगडा या अभ्यासाने पुरता होत नाही, हे त्या संशोधकांनीच सांगितले आहे. शिवाय त्यांना अपवादही सापडले, आणि ते त्यांनी तांबड्या शाईने खोडले नाहीत : ती केळ्यावरची चिलटे, आणि आपल्या कण्हेरीवर ज्याची अळी वाढते तो हिरवा पतंग. हे दोघे दिव्याकडे पाठ न करताच त्यावरून उडून गेले.

म्हणजे ज्याला आपण शतकानुशतके ज्योतीवर भाळलेला प्रियकर म्हटले, तो बिचारा ज्योतीकडे पाठ करून, वर कोणते आणि खाली कोणते हे शोधण्याच्या धडपडीत असतो. ही गोष्ट २०२४ सालापर्यंत ठरायची राहिली होती ती दुर्बिणीच्या अथवा अणुभट्टीच्या अभावी नव्हे. ‘हे तर सर्वांना ठाऊकच आहे’ या समाधानानेही ती तशीच राहू दिली, असे माझे मत आहे. ज्या देशात प्रयोगाआधी उत्तर छापून मिळते त्या देशातून असे प्रश्न विचारणारी मुले कोठून निघणार? या अभ्यासातील सोंधींचे नाव वाचून आपण अभिमानाने छाती फुगवू. पण तसाच प्रश्न आपल्या वर्गात विचारणाऱ्या मुलाला आपण ‘पुन्हा लिहून आणणे’ असे सांगू.

यावर एक आक्षेप असा येईल की विज्ञानात बरोबर उत्तर असतेच. उद्या एखाद्या मुलाच्या प्रयोगात ओहमचा नियम खोटा ठरला तर तोही वहीत राहू द्यायचा का? वरवर पाहता हा आक्षेप बिनतोड वाटतो. माझे उत्तर असे की आकडा राहू द्यायचा, नियमही राहू द्यायचा, आणि दोहोंत अंतर का पडले ते शोधायचे. तार सैल असेल, मोजणी चुकली असेल, घटमाला उतरली असेल. दोष सापडला की पुन्हा मोजायचे आणि नवा आकडा जुन्याच्या खाली लिहायचा. निरीक्षण चुकीचे असू शकते. परंतु ते निरीक्षणानेच दुरुस्त करायचे असते, शाईने नव्हे. दुसरा आक्षेप, की अशाने मुलांचा गोंधळ होईल. मुले मोठ्यांइतकी नाजूक नसतात. पाऊस पडेल की नाही, नाणेफेक कोण जिंकेल, गाडी वेळेवर येईल की नाही, या साऱ्या अनिश्चिततेत ती आनंदाने जगतात. गोंधळ होतो तो डोळ्यांना सहा दिसत असताना हाताने नऊ लिहावे लागते तेव्हा.

तिसरा आक्षेप हा नेहमीचाच : हे सगळे कागदावर ठीक, प्रत्यक्षात अशक्य. तो मात्र मी मुळीच ऐकून घेणार नाही, कारण हे प्रत्यक्षात झालेले आहे, आणि तेही लांब नव्हे, शेजारच्या मध्य प्रदेशात. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा खेड्यांच्या शाळांतून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम पुढे सुमारे हजार सरकारी शाळांत पोचला. मुले स्वतः प्रयोग करीत, स्वतःचे आकडे लिहीत, वर्गात त्यांवर भांडत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. २००२ साली सरकारने तो बंद केला. तीस वर्षे जे चालले ते अशक्य होते असे म्हणणे म्हणजे पुन्हा निरीक्षण खोडून अनुमान लिहिणेच झाले. राज्यघटनेत १९७६ साली घातलेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. दर २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी शाळाशाळांतून त्यावर भाषणे होतात. भाषणे पुरेत; पेटी आणा.

माझी मागणी फार थोडी आहे. निरीक्षणाच्या रकान्यात मुलाने लिहिलेला आकडा कोणीही, शिक्षकानेही, बदलू नये. गुण द्यायचे ते उत्तर छापील वाक्याशी जुळले म्हणून नव्हे, तर मोजणी कशी केली ते नीट सांगितले म्हणून. पेटीची बाजू बदलून, विजेरी बंद ठेवून, किडे उपाशी ठेवून नि खाऊ घालून, एवढे तरी फेरफार मुलांना करू द्यावेत. सर्व गटांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडावेत. अनुमानात ‘कीटक’ असा शब्द न लिहिता ‘आमच्या पेटीतले हे किडे, आज, या उजेडात’ असे लिहावे. आणि तास संपला की ते किडे जिथून आणले तिथे परत सोडावेत; त्यांनी आपल्याला जे शिकवले त्याची तेवढी दक्षिणा पुरे.

याला पैसा लागत नाही, नवा आयोग लागत नाही, नवे पुस्तकही लागत नाही. लागते ती एवढीच तयारी, की आपल्याला अपेक्षित नसलेला आकडा मुलाने लिहिला तर तो वाचून घेण्याची. अंधारात आठ किडे असतील तर आठ लिहावेत. चार असतील तर चार लिहावेत. जे मूल दहा किड्यांच्या बाबतीत खरे लिहायला घाबरले, ते मोठेपणी धरणाच्या भिंतीला गेलेल्या तड्याविषयी, औषधाच्या चाचणीविषयी आणि मतपेटीतल्या आकड्याविषयी खरे लिहील, अशी आशा आपण कोणत्या तोंडाने करणार आहोत?